संयोजी ऊतींचे आरोग्य

संयोजी ऊती म्हणजे शरीरातील अवयव, स्नायू व हाडे यांना जोडणाऱ्या, आधार देणाऱ्या आणि एकमेकांपासून वेगळे राखणाऱ्या ऊती होत. दोन हाडांना बांधणारे अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडणारे स्नायुरज्जू, सांध्यांतील कूर्चा, त्वचेचा आतला थर आणि स्नायूंभोवतीचे प्रावरणी हे पातळ पण चिवट आवरण यांचा त्यांत समावेश होतो. शास्त्रीय वर्गीकरणात रक्त व अस्थी यांचीही गणना याच गटात होते. मात्र प्रस्तुत लेखाचा विषय तंतुमय संयोजी ऊती, त्यांची लवचीकता व त्यांची झीज हा आहे.

या ऊतींवर जसा भार नेहमी पडतो तशी त्यांची घडण बदलते, परंतु हा बदल स्नायूंच्या तुलनेत फार सावकाश होतो. त्यामुळे अंग वाकवता येणे एवढेच त्यांच्या आरोग्याचे लक्षण मानता येत नाही. भार सहन करणे, थरांनी एकमेकांवरून सहज सरकणे आणि रोजची सूक्ष्म इजा वेळेत भरून निघणे या गोष्टीही तितक्याच आवश्यक असतात. महाराष्ट्रात या विषयाचा विचार बहुधा योगासने व व्यायाम यांच्या संदर्भात होतो. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान भागात मात्र तो प्रामुख्याने श्रमाचा व विश्रांतीचा प्रश्न आहे.

परिभाषा

मराठीतील यासंबंधीची परिभाषा काहीशी गोंधळात टाकणारी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ३०० अस्थी, २१० संधी, ९०० स्नायू, ५०० पेशी व १६ कंडरा अशी गणना आढळते. तेथे ‘स्नायू’ या शब्दाने बांधून ठेवणारे तंतुमय बंध अभिप्रेत आहेत, तर ‘पेशी’ म्हणजे मांसाचे भाग. आजच्या मराठीत ‘स्नायू’ हा शब्द मांसल भागासाठी आणि ‘पेशी’ हा सजीवाच्या मूलभूत एककासाठी रूढ झाला आहे. जुना ग्रंथ आजच्या अर्थाने वाचल्यास अर्थाचा अनर्थ होतो, तो यामुळेच.

बोलीभाषेची विभागणी आणखी निराळी आहे. ‘शीर आखडली’, ‘लचक भरली’, ‘उसण भरली’, ‘चमक निघाली’ हे शब्दप्रयोग नेमक्या ऊतीचे नाव सांगत नाहीत, वेदनेची तऱ्हा सांगतात. ‘शीर’ हा शब्द एरवी रक्तवाहिनीसाठी वापरला जातो; दुखण्याविषयी बोलताना मात्र तोच शब्द स्नायुरज्जू, चेतातंतू किंवा स्नायूतील पेटका यांपैकी कशालाही लावला जातो. उसण ही सहसा कमरेत अचानक उद्भवणारी जखडण असते, तर लचक म्हणजे बहुतेक वेळा अस्थिबंधाला बसलेला हिसका. हे शब्द अशास्त्रीय म्हणून टाकून देण्याजोगे नाहीत. दुखणे एकाएकी आले की हळूहळू वाढले, हे त्यांतून बऱ्याचदा कळते आणि निदानासाठी ते उपयोगी पडते.

रचना

संयोजी ऊतींमध्ये पेशी तुलनेने विरळ असतात आणि त्यांच्या भोवतीचे आधारक द्रव्य विपुल असते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी हे द्रव्य तयार करतात. त्यातील प्रमुख तंतू कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. मानवी शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के प्रथिन कोलॅजेन असते. त्याचे २८ प्रकार ओळखले गेले असून त्वचा, हाडे व स्नायुरज्जू यांत पहिल्या प्रकाराचे प्राबल्य असते. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून त्याचा रेणू बनतो, म्हणजे सुतळीला पीळ द्यावा तसा. या पिळामुळेच ओढ सहन करण्याची ताकद येते. ताणल्यावर पूर्ववत होण्याचा गुण मुख्यतः इलॅस्टिन या दुसऱ्या प्रथिनामुळे लाभतो. इलॅस्टिन बहुतांशी वाढीच्या वयातच तयार होते आणि पुढे अनेक दशके टिकते; एकदा ते झिजले की त्याची भरपाई क्वचितच होते.

तंतूंमधील जागा पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्यांनी भरलेली असते. प्रावरणीच्या थरांमध्ये हायलुरोनन हे द्रव्य वंगणाचे काम करते. स्नायू आकुंचन पावताना हे थर एकमेकांवरून सरकतात. फार काळ हालचाल न झाल्यास हे सरकणे मंदावते, आणि सकाळी उठल्यावर अंग जखडल्यासारखे वाटण्यामागील कारणांपैकी हे एक मानले जाते. शवविच्छेदनाच्या वेळी कापून बाजूला टाकण्याचे आवरण, एवढेच महत्त्व प्रावरणीला दीर्घकाळ दिले गेले. २००७ मध्ये बॉस्टन येथे हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद भरली, तेव्हापासून तिच्या अभ्यासाला वेग आला. त्याच सुमारास प्रावरणी ‘मोकळी’ करून सर्व व्याधी दूर करण्याचे दावेही पसरले. त्यांपैकी बहुतेकांना पुरेसा आधार नाही.

भार, विश्रांती व बदल

स्नायूंना भरपूर रक्तपुरवठा असतो, स्नायुरज्जू व अस्थिबंध यांना तो अल्प असतो आणि सांध्यांतील कूर्चेला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. म्हणून स्नायूचा ताण काही दिवसांत बरा होतो, परंतु अस्थिबंधाची किंवा स्नायुरज्जूची इजा भरून येण्यास आठवडे किंवा महिने लागतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी टाचेवरील स्नायुरज्जूचा यासंबंधी एक उल्लेखनीय अभ्यास केला. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले होते. या कार्बनचा अंश मोजून त्यांनी २०१३ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की या स्नायुरज्जूचा गाभा साधारण १७ वर्षांच्या वयापर्यंत घडतो आणि त्यानंतर त्याचे फारसे नूतनीकरण होत नाही. प्रौढपणी स्नायुरज्जूची ताकद वाढू शकते, परंतु मूळ बांधणी किशोरवयातच बऱ्याच अंशी ठरलेली असते. मुलांच्या धावण्या-खेळण्याकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी यातून मिळते.

व्यायामानंतर या ऊतींमध्ये जुन्या कोलॅजेनचे विघटन व नव्याची निर्मिती या दोन्ही क्रिया वाढतात. विघटन आधी होते. पहिल्या साधारण २४ ते ३६ तासांत घट अधिक असते आणि त्यानंतर निर्मितीचे पारडे जड होते. जोरकस भारानंतर एक-दोन दिवसांचे अंतर ठेवावे, या सल्ल्याचा शास्त्रीय आधार हा आहे. अंतर न ठेवता तोच भार रोज पडत राहिला तर तूट साचत जाते. याउलट भार मुळीच नसेल तर तंतू विस्कळीत मांडले जातात व ऊती दुबळ्या होतात. प्लास्टरमध्ये काही आठवडे राहिलेला गुडघा किंवा कोपर प्लास्टर काढल्यावर वाकत नाही, हे त्याचे परिचित उदाहरण.

ताणण्याच्या व्यायामाविषयी काही समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. नियमित ताणाने सांध्याची हालचाल वाढते हे खरे. मात्र पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यतः ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढल्यामुळे होते, ऊती लांबल्यामुळे नव्हे. जोरदार कामाच्या अगदी आधी एकाच स्थितीत एक मिनिटाहून अधिक काळ ताणून धरल्यास स्नायूची ताकद तात्पुरती किंचित घटते. त्या वेळी हलक्या हालचालींनी अंग तापवणे अधिक हितावह ठरते. स्नायुरज्जूंच्या जुनाट दुखण्यावर तर केवळ ताणण्यापेक्षा हळूहळू वाढवलेला भार जास्त उपयोगी पडतो. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या स्नायुरज्जूसाठी सुचवलेला क्रम प्रसिद्ध आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून टाच सावकाश खाली नेणे, प्रत्येकी १५ वेळांच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, असे त्याचे स्वरूप आहे.

ताठरपणाची कारणे

वय वाढते तसे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये आडवे बंध वाढतात, पाण्याचे प्रमाण घटते आणि ऊती ताठर होतात. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास हीच प्रक्रिया वेगाने घडते, कारण साखरेचे रेणू कोलॅजेनला चिकटून नवे बंध निर्माण करतात. खांदा जखडण्याचा विकार सर्वसाधारण लोकांत सुमारे २ ते ५ टक्के आढळतो, मधुमेहींमध्ये मात्र हे प्रमाण १० ते २० टक्के सांगितले जाते. मधुमेहात हातांची त्वचा व स्नायुरज्जू आखडल्यास दोन्ही तळवे जोडूनही बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. वैद्यकात यास प्रार्थनाचिन्ह म्हणतात. नमस्कार करताना बोटांमध्ये फट राहू लागणे ही घरच्या घरी लक्षात येण्याजोगी खूण आहे, आणि तशी ती दिसल्यास साखर तपासून घेणे योग्य.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने स्त्रियांच्या संयोजी ऊतींवर परिणाम होतो. खांदा जखडण्याचा विकारही ४० ते ६० या वयात व स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. तंबाखूच्या सेवनाने जखमा व स्नायुरज्जूंची दुरुस्ती मंदावते. काही औषधांचाही संबंध आहे. फ्लुओरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविकांमुळे स्नायुरज्जू तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. एकाच जागी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनेही स्नायुरज्जू दुबळे करू शकतात.

हिंगोली जिल्ह्यातील शेतश्रम

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. सोयाबीन, हळद, कापूस, तूर व ज्वारी ही येथील महत्त्वाची पिके असून त्यांपैकी हळदीसाठी जिल्ह्याची विशेष ख्याती आहे. संयोजी ऊतींच्या दृष्टीने पाहता यांतील प्रत्येक पिकाची शरीराकडून निराळी मागणी असते.

खुरपणी उकिडवे बसून, पुढे सरकत केली जाते. घोटे, गुडघे व खुबे पूर्ण वाकलेले असतात आणि मनगट एकाच दिशेने वळत राहते. सोयाबीनची सोंगणी कमरेत वाकून विळ्याने होते. कापूस वेचणीत कंबर अर्धी वाकलेली, मान खाली आणि पाठीवर किंवा कमरेला वेचलेल्या कापसाचे ओझे असते. हळदीचे पीक सुमारे नऊ महिन्यांचे. काढणीच्या वेळी कंद उकरणे, गड्डे व हळकुंडे निराळी करणे, शिजवणे, वाळत घालणे व पॉलिश करणे अशी कामे लागोपाठ येतात. शिजवणे व पॉलिश यांसाठी आता यंत्रे आली असली, तरी कंद वेचून मोडण्याचे काम बरेचसे हातांनीच आणि बहुतांशी स्त्रियांकडून होते.

उकिडवे बसण्याची सवय ही स्वतः आरोग्याला अपायकारक नव्हे. लहानपणापासून जमिनीवर बसणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या माणसांचे घोटे व खुबे खुर्चीवर वाढलेल्यांपेक्षा सहसा अधिक मोकळे असतात, आणि शहरात जी हालचाल पैसे देऊन शिकवली जाते ती खेड्यात आपसूक टिकते. अपाय होतो तो तासन्‌तास त्याच स्थितीत राहिल्याने. कमरेत वाकून बराच वेळ काम केल्यास पाठीच्या कण्याचे अस्थिबंध हळूहळू सैलावत जातात आणि स्नायूंचा आधार कमी होतो. अशा वेळी उठताना एकदम ओझे उचलल्यास इजा होण्याची शक्यता वाढते. पोते उचलताना उसण भरली असे सांगितले जाते, तेव्हा दोष पोत्याचाच असतो असे नाही. आधीचे दोन तासांचे वाकणेही तितकेच कारणीभूत असते.

दर वीस-तीस मिनिटांनी उभे राहून कंबर मागे झुकवणे, खुरपे हात बदलून धरणे, लांब दांड्याचे कोळपे वापरणे आणि उभ्याचे व बसण्याचे काम आलटून पालटून करणे, हे उपाय साधे आहेत. ते अमलात येत नाहीत याचे कारण अज्ञान हेच असते असे नाही. सोंगणीसारखी कामे पुष्कळदा उक्ती दिली जातात, म्हणजे मजुरी दिवसावर न ठरता एकरावर ठरते. तेथे थांबलेला प्रत्येक क्षण मजुराच्या पदरचा असतो. परतीच्या पावसापूर्वी पीक घरात आणायचे असल्याने सलग पंधरा दिवस एकच काम चालते आणि वर सांगितलेले एक-दोन दिवसांचे अंतर मिळत नाही. मळणी व पेरणी यांत्रिक झाल्यापासून वर्षातील काही महिने शरीराला काम कमी आणि काही आठवडे अतोनात, अशी विषमता वाढली आहे. स्नायुरज्जूंना अशी एकाएकी होणारी वाढ सर्वांत कमी मानवते. घरचे पाणी भरणे, दळण, स्वयंपाक ही कामे स्त्रियांच्या वाट्याला शेतावरून परतल्यावर असतातच, त्यामुळे त्यांच्या बाबतीत विश्रांतीचा सल्ला अनेकदा कागदावरच राहतो.

भाराच्या अशाच अचानक वाढीचे दुसरे उदाहरण पंढरीच्या वाटेवर दिसते. संत नामदेवांच्या नावाने ओळखले जाणारे नर्सी हे गाव याच जिल्ह्यात आहे आणि मराठवाड्यातून दरवर्षी दिंड्या पंढरपूरकडे निघतात. एरवी थोडेच चालणारी व्यक्ती पातळ चपलांवर सलग अनेक दिवस चालली, तर तळपायाच्या प्रावरणीला सूज व वेदना येऊ शकते. झोपेतून उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेत कळ येते व नंतर ती कमी होते, ही त्याची ओळख. दोन-तीन महिने आधीपासून अंतर थोडेथोडे वाढवत नेल्यास हा त्रास बराच टळतो.

व्यायामपरंपरा

भार क्रमाने वाढवण्याचे तत्त्व महाराष्ट्रातील तालमींना नवे नाही. जोर व बैठका यांची संख्या हळूहळू वाढवली जाते, कुस्तीपूर्वी पहिलवान आखाड्यातील माती उकरतात व त्यातच अंग तापते. या मातीत तेल, ताक, लिंबू यांच्याबरोबर हळदही मिसळण्याची रीत आहे. मल्लखांबाला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी नवे रूप दिले. त्यात खांदे व मनगटे यांवर शरीराचा भार येत असल्याने लवचीकता व ताकद एकत्रच विकसित होतात, आणि या दृष्टीने तो निव्वळ ताणण्याच्या व्यायामांपेक्षा सरस आहे.

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. हे औंध सातारा जिल्ह्यातील होय. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथशी त्याची गल्लत करू नये. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून योगक्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण करण्याचा प्रघात पाडला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले. त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. पट्टे, दोर, लाकडी ठोकळे व खुर्च्या यांचा आधार देऊन ताठर किंवा आजारी शरीरालाही आसनात स्थिर ठेवण्याची त्यांची पद्धत जगभर पोहोचली. हा आधार आळशांसाठीची सवलत असल्याचा आक्षेप पुढे येतो, तो चुकीचा आहे. सांध्याच्या टोकाच्या स्थितीत स्नायू सैल व भार मर्यादित ठेवणे हेच त्यातून साधते.

आहार व हळद

कोलॅजेनच्या साखळ्यांना स्थिर पीळ बसण्यासाठी क जीवनसत्त्व आवश्यक असते. त्याच्या तीव्र अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही रोगात हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमा उकलतात. म्हणजे तो मुळात संयोजी ऊतींचाच रोग आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज ८० मिलिग्रॅम व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. एक मध्यम आकाराचा पेरू ही गरज सहज भागवतो. आवळा, लिंबू, शेवग्याचा पाला हेही चांगले स्रोत आहेत. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होत असल्याने लिंबू वरणात शिजवण्यापेक्षा ताटात पिळणे उत्तम. याखेरीज पुरेशी प्रथिने लागतात, आणि भाकरी-डाळीच्या आहारात डाळीचे पाणी अधिक व डाळ कमी असेल तर ती अपुरी पडतात. बाजारात मिळणाऱ्या कोलॅजेनच्या पुड्यांचे पचनात अमिनो आम्लांत व लहान तुकड्यांत विघटन होते. त्यांच्या उपयोगाविषयीचे पुरावे संमिश्र असून किंमत मात्र जास्त आहे.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतील कर्क्युमिनचे प्रमाण वजनाच्या साधारण २ ते ५ टक्के असते आणि ते आतड्यांतून फारच कमी शोषले जाते. मिरीतील पायपरीनमुळे शोषण वाढते. गुडघ्याच्या संधिवातातील वेदना कर्क्युमिनच्या अर्काने काहीशी कमी होते असे काही चाचण्यांत आढळले. भाजीतील चमचाभर हळदीने स्नायुरज्जू लवचीक होतात, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

जखम भरणे हे संयोजी ऊतींचेच काम असल्याने हळदीच्या पेटंटचे प्रकरण येथे नोंदवणे उचित ठरेल. जखमेवर हळद वापरण्याबाबत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. जुन्या ग्रंथांबरोबर भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही पुरावा म्हणून सादर झाला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. या निकालाने हळदीची परिणामकारकता सिद्ध झाली, असे बऱ्याचदा लिहिले जाते. वस्तुतः निकाल उपयोग नवा नाही एवढ्यापुरताच होता.

अतिलवचीकता

काही व्यक्तींचे सांधे जन्मतः प्रमाणाबाहेर वळतात. अंगठा वाकवल्यावर अग्रबाहूला टेकणे, कोपर उलट्या बाजूस झुकणे अशा खुणांवरून नऊ गुणांची बायटन मोजणी केली जाते. अनेकांना याचा काहीच त्रास होत नाही, परंतु एहलर्स-डॅनलॉस किंवा मार्फान यांसारख्या आनुवंशिक विकारांत संयोजी ऊतीच सदोष असतात, आणि मार्फान विकारात महारोहिणीला धोका संभवतो. अशा व्यक्तींनी अधिक ताणण्याऐवजी स्नायूंची ताकद वाढवणे इष्ट असते. योगवर्गात ज्यांचे कौतुक सर्वाधिक होते त्यांच्यापैकी काहींना या सावधगिरीची गरज सर्वाधिक असते.

उपचार

मुरगळलेल्या सांध्याला पहिले एक-दोन दिवस जपून, आधार देऊन ठेवावे व त्यानंतर वेदनेच्या मर्यादेत लवकर हालचाल सुरू करावी, असा आजचा कल आहे. दीर्घकाळ पूर्ण विश्रांतीचा जुना सल्ला मागे पडला आहे. मालिशमुळे वेदना व जखडण तात्पुरती कमी होते. ताज्या सुजेवर जोराने चोळणे अथवा सांधा झटक्याने ‘बसवणे’ मात्र धोक्याचे असते. इजेच्या वेळी कट्‌ असा आवाज येणे, पायावर भार न देता येणे, पायात बधिरपणा येणे, लघवीवरील ताबा सुटणे किंवा सांधा लाल होऊन ताप येणे यांपैकी काही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. हिंगोली येथे जिल्हा सामान्य रुग्णालय असून तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले.